झाकली मूठ आणि उघडी चावडी

(बोम्मसंद्रा येथील मराठी मंडळींच्या वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आज मी आर. व्ही. रोडहून बंगळूरच्या मेट्रोने आलो. ऑगस्ट २०२५ मध्ये ही पिवळी मार्गिका सुरू झाली आणि एकोणीस किलोमीटरच्या वाटेवरचे सोळावे, शेवटचे स्थानक म्हणून बोम्मसंद्र्याचे नाव नकाशावर आले. पूर्वी सिल्क बोर्डच्या चौकात बस अडकली की तेवढ्या वेळात अख्खे व्याख्यान मनात तयार व्हायचे. आज डब्यात बसलो, इलेक्ट्रॉनिक सिटी मागे पडली आणि उतरलोसुद्धा. तेव्हा व्याख्यान कुठे कच्चे राहिले असेल तर दोष मेट्रोचा.

ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांनी मालेला आपले नाव देऊ नका असे सांगून ठेवले होते. तुम्ही ते पाळले, मीही पाळतो. आपण त्यांना नुसते 'सर' म्हणायचो, तेवढे पुरे. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून नोकरीसाठी आलेली, इथल्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन पाळ्यांत काम करणारी माणसे त्यांनी एकत्र केली आणि गणपती बसवला. पण मला आठवते ती त्यांची वही. मंडळाचा नवा अध्यक्ष निवडायच्या वर्षी गणपतीच्या मांडवात, प्रसादाच्या टेबलाशेजारी, ते एक दोनशे पानी वही सुतळीने टांगून ठेवत. सोबत दोरीला बांधलेले पेन. वहीच्या पहिल्या पानावर सरांच्या अक्षरात सूचना असे : इथे कुणाचेही नाव लिहू नये, काम लिहावे. त्या वहीत लोक काय लिहीत ते शेवटी सांगतो. आजचे माझे सगळे म्हणणे त्या एका सूचनेत आहे. पुढचा तास मी फक्त तिची फोड करणार आहे.

विषय असा आहे. एखाद्या संस्थेचा प्रमुख निवडायचा. मग ती शाळा असो, साहित्यसंस्था असो, कंपनी असो, न्यायालय असो. निवडणाऱ्यांनी किती झाकायचे आणि किती उघडायचे? ज्यांच्यावर तो प्रमुख बसणार, त्यांना विचारायचे की नाही? विचारायचे तर कधी, आणि काय?

आपल्या भाषेने दोन्ही बाजूंची वकिली आधीच करून ठेवली आहे. एक म्हण सांगते, झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसरी सांगते, पाचामुखी परमेश्वर. आपण सत्तेच्या खुर्चीत असलो की पहिली म्हण आठवते आणि खुर्चीसमोर सतरंजीवर असलो की दुसरी. मी दोन्हीकडे बसलो आहे, म्हणून आधी माझ्याच दोन गोष्टी सांगतो. दोन्हीत चूक माझी आहे.

नोकरीचा सगळा काळ मी कारखान्यांच्या कार्मिक विभागात काढला, आणि त्या अनुभवाच्या जोरावर एका शिक्षणसंस्थेने मला प्राचार्यांच्या निवड समितीवर घेतले. आम्ही पाच जण होतो. अर्ज सीलबंद, मुलाखती एका पाहुण्यांच्या बंगल्यात, उमेदवारांना येण्याच्या वेळा वेगवेगळ्या, म्हणजे एकाला दुसरा दिसायला नको. एवढी काळजी. पहिल्या दिवशीच्या मुलाखती संपल्या आणि संध्याकाळी मी एका लग्नाला गेलो. पंगतीत शेजारी जुना मित्र. तो म्हणाला, "कसे काय आहेत उमेदवार?" मी म्हणालो, "एक फार चांगला आलाय. रसायनशास्त्राचा, कोकणातला." नाव घेतले नाही. नाव घ्यायचे नसते एवढे मला कळत होते.

पण कोकणातला, रसायनशास्त्राचा, प्राचार्य होण्याच्या वयाचा, असे प्राध्यापक असतात किती? जिलबी संपायच्या आत मित्राला उलगडा झाला असणार. चौथ्या दिवशी त्या गृहस्थांच्या कॉलेजात, स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर, त्यांच्या संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याने त्यांचे अभिनंदन केले. "आम्हाला सोडून चाललात म्हणे!" निवड झाली दुसऱ्याची. हे गृहस्थ जिथे होते तिथेच राहिले, पण आता ते 'जायला निघालेले' होते. विभागप्रमुखपद गेले, वेळापत्रकात शेवटचे तास आले. त्यांनी मला कधी दोष दिला नाही, कारण गळती कुठे झाली ते त्यांना कळलेच नाही. मला मात्र माहीत आहे. गोष्ट षट्कर्णी झाली की फुटते असे आपण म्हणतो. माझ्या अनुभवात चार कान पुरले.

दुसरी गोष्ट याच्या उलट. वेगळी संस्था, वेगळे पद. या वेळी मी तोंड घट्ट मिटून होतो. आम्ही जो संचालक निवडला त्याची पदवी मोठी, बोलणे छाप पाडणारे. सहा महिन्यांत निम्मे कर्मचारी राजीनामा खिशात घेऊन फिरू लागले. माणूस खालच्याला माणूस समजत नव्हता. एक दिवस तिथल्या शिपायाने चहा ठेवता ठेवता मला म्हटले, "साहेब, हे पूर्वी आमच्याकडे चार महिने होते की. आम्हाला विचारलं असतं तर सांगितलं असतं." चार महिन्यांची ती नोकरी अर्जात नव्हती. समितीत आम्हा पाच जणांच्या मिळून पदव्या पंधरा असतील. जे आम्हाला हवे होते ते चहाच्या ट्रेपाशी उभे होते, आणि गुप्ततेच्या नावाखाली आम्ही तिकडे पाहिलेच नाही.

पहिल्या गोष्टीत एका माणसाचे नुकसान झाले, दुसरीत एका संस्थेचे. या दोन्ही गोष्टी एका दमात लक्षात ठेवायच्या, ही आजच्या विषयाची खरी अडचण आहे. त्यांतली एक जरी विसरली तरी उत्तर फार सोपे होते.

आता आपल्या मराठी समाजातल्या सर्वांत चर्चिलेल्या निवडीकडे येऊ : अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी १८७८ साली पुण्यात ग्रंथकार सभा भरवली, तिथून ही परंपरा मोजतात. दुसरी सभा १८८५ ची. तिचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारले आणि पत्र लिहून कारण सांगितले. ज्यांच्या सभांत शूद्रातिशूद्रांच्या सुखदुःखाला जागा नाही, त्यांच्यात मिसळण्यात अर्थ नाही, असा त्या पत्राचा आशय. आजच्या भाषेत याला 'फीडबॅक' म्हणतील. एकशे चाळीस वर्षे झाली, संमेलनाला मिळालेल्या कितीतरी मानपत्रांपेक्षा ते एक पत्र आपल्याला जास्त आठवते. लक्षात घ्या, त्या पत्राचा रोख अमक्याला अध्यक्ष करा किंवा करू नका असा नव्हता. सभा कुणाची आणि कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. नाव नव्हे, काम.

पुढे १९६१ साली साहित्य महामंडळ झाले आणि पुणे, मुंबई, नागपूर आणि तेव्हाचे औरंगाबाद इथल्या घटक संस्था एका छत्राखाली आल्या. अध्यक्ष अनेक दशके मतदानाने निवडला जाई. मतदार किती? साऱ्या महाराष्ट्रात आणि बाहेर मिळून साधारण हजार. मतपत्रिका टपालाने घरी येई. आणि मग सुरू होई ती तक्रार, जी तुम्ही वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत वाचली असेल : कोऱ्या मतपत्रिका गोळा केल्या जातात, गठ्ठ्याने मते पडतात.

या पद्धतीने आपल्याला मोठे अध्यक्षही दिले. १९७५ साली कऱ्हाडला, आणीबाणीच्या ऐन काळात, दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून निर्भयपणे बोलल्या. त्या निवडून आलेल्या होत्या. पण याच पद्धतीत १९९२ च्या कोल्हापूर संमेलनासाठी इंदिरा संत पराभूत झाल्या आणि रमेश मंत्री निवडून आले. इंदिराबाई बेळगावच्या, म्हणजे आपल्या याच राज्यातल्या. रमेश मंत्र्यांविषयी मला तक्रार नाही. ते लोकप्रिय लेखक होते आणि नियमाप्रमाणे उभे राहिले. पण एका ज्येष्ठ कवयित्रीच्या नावापुढे 'पराभूत' असे छापून आले, आणि ते पाहून अनेक लेखकांनी मनाशी ठरवून टाकले की या वाटेला जायचे नाही. प्राध्यापकाला गुप्तता हवी असते नोकरी टिकावी म्हणून. लेखकाला काय जपायचे असते? मान. तोही काही कमी किमतीचा नाही.

आपण निवडणूक म्हटली की खुलेपणा असे समजतो. मला या निवडणुकीत उलटेच दिसते. जी मतपत्रिका गुप्त राहायला हवी, ती गठ्ठ्यात उघडी पडली होती. आणि जे उघडे असायला हवे, म्हणजे अध्यक्ष कशासाठी हवा, त्याने वर्षभर काय करावे, हे कुणी बोलतच नव्हते. झाकायचे ते उघडे, उघडायचे ते झाकलेले. शिवाय वाचक या सगळ्यात कुठे होता? कोट्यवधी मराठी माणसांच्या वतीने हजार जण मत देत होते, आणि बाकीचे आपण निकाल वाचत होतो.

२०१८ साली महामंडळाने घटना बदलली. निवडणूक गेली. आता घटक, संलग्न आणि समाविष्ट संस्था, निमंत्रक संस्था आणि मावळते अध्यक्ष नावे सुचवतात आणि महामंडळ बैठकीत एक नाव ठरवते. यवतमाळच्या ९२ व्या संमेलनासाठी या रीतीने पहिल्यांदा निवड झाली ती अरुणा ढेरे यांची. मग फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जयंत नारळीकर, भारत सासणे, नरेंद्र चपळगावकर, रवींद्र शोभणे, दिल्लीला तारा भवाळकर आणि साताऱ्याला विश्वास पाटील. आकडे बोलके आहेत. पहिल्या ९१ संमेलनांत महिला अध्यक्ष चार : कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष. नंतरच्या आठांत दोन. आठ ही संख्या लहान आहे, तिच्यावर सिद्धांत उभारणार नाही. पण नारळीकरांसारखा खगोलशास्त्रज्ञ मतांसाठी फोन फिरवतो आहे, हे चित्र तुम्ही डोळ्यांसमोर आणून बघा. येत नाही ना? बंद दाराने काही माणसे आत येऊ शकली, जी उघड्या दाराशी आलीच नसती.

मग प्रश्न सुटला का? अर्धा सुटला. नावांवर पडदा पडला हे चांगले. पण निकषांवरही पडदाच आहे. पत्रकार परिषदेत नाव जाहीर होते, चार गौरवाची वाक्ये येतात. या वर्षी कोणत्या विचाराने निवड केली, नवे लेखक, अनुवाद, बोली, सीमाभाग यांपैकी कशाकडे पाहिले, हे ऐकू येत नाही. मग लोक तर्क करतात, आणि तर्काला नेहमी जातीचे, गावाचे, गटाचे पाय फुटतात. झाकल्या मुठीत सव्वा लाख आहेत असे मानायची लोकांना आता सवय उरलेली नाही. मुठीत काहीच नाही, किंवा भलतेच काही आहे, असेच ते धरून चालतात.

इथे दोन प्रसंग शेजारी ठेवतो. २००९ साली महाबळेश्वरच्या संमेलनासाठी आनंद यादव रीतसर निवडून आले. मग त्यांच्या तुकाराममहाराजांवरच्या कादंबरीला वारकऱ्यांनी तीव्र आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतले, शेवटी अध्यक्षपद सोडले, आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडले. ज्या समाजाला आधी कुणी विचारले नव्हते, तो नंतर दारात येऊन उभा राहिला. वरातीमागून घोडे आले, आणि घोड्यांनी मांडव मोडला.

दुसरा प्रसंग दहा वर्षांनंतरचा. सप्टेंबर २०१९ मध्ये दिब्रिटोंची निवड झाली. ते ख्रिस्ती धर्मगुरू, म्हणून विरोध सुरू झाला. निवड मात्र बदलली नाही. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला संमेलन झाले, अध्यक्ष तेच होते.

या दोहोंतून मी एवढेच शिकलो : ऐकणे म्हणजे मानणे नव्हे. समाजाला विचारायचे ते त्याच्या हाती नकाराधिकार द्यायचा म्हणून नाही. एखाद्या लेखकाच्या धर्मावर आक्षेप येतो तेव्हा तो ऐकून, नोंदवून, शांतपणे बाजूला ठेवता आला पाहिजे. पण ते धैर्य कधी येते? आपण कोणत्या कसोट्यांवर निवड करणार हे आधी जाहीर सांगितले असेल तेव्हा. कसोट्या अगोदर भिंतीवर लावलेल्या असतील तर 'तुमचा आक्षेप यांपैकी कशात बसतो?' असे विचारता येते. भिंत कोरी असेल तर जो मोठ्याने ओरडेल त्याचीच कसोटी होते.

आता थोडे दिल्लीकडे. न्यायमूर्तींच्या नेमणुकांसाठी सर्वोच्च न्यायालयाचे कॉलेजियम अनेक वर्षे पूर्ण बंद दाराआड काम करी. ३ ऑक्टोबर २०१७ रोजी त्यांनी ठराव केला की आपल्या शिफारशी कारणांसह संकेतस्थळावर टाकायच्या. सगळ्यांनी स्वागत केले. मीही केले. पण थोड्याच दिवसांत दुसरी बाजू दिसली. ज्यांना घेतले नाही त्यांचीही कारणे जगजाहीर झाली : कुणाची वकिलीतली मिळकत पुरेशी नाही, कुणाविषयी सल्लागार न्यायमूर्तींचे मत अनुकूल नाही. त्या वकिलाला दुसऱ्या दिवशी त्याच न्यायालयात, त्याच पक्षकारांसमोर उभे राहायचे होते. तो न्यायमूर्ती व्हायला निघाला होता; परत आला तो चारचौघांत नापास होऊन. पुढे ही जाहीर कारणे आखूड होत गेली. डिसेंबर २०२२ मध्ये तर न्यायालयाने माहिती अधिकाराच्या एका प्रकरणात सांगितले की कॉलेजियमचा अंतिम ठराव जाहीर होईल, आतली चर्चा नाही.

त्याच न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये माहिती आयुक्तांच्या नेमणुकांविषयी मात्र वेगळ्या गोष्टीवर बोट ठेवले होते. छाननीचे निकष लोकांसमोर ठेवा, असे त्याचे म्हणणे होते. दोन्ही निर्णय एकत्र वाचले तर माझ्या मते विसंगती नाही, त्यांत एक शहाणपण आहे. चर्चा आत, निकष बाहेर. मोजायची पट्टी भिंतीवर टांगा. मोजले कुणाला आणि कोण किती भरला, ते चव्हाट्यावर आणू नका.

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. तुम्ही मेट्रोने ज्या इलेक्ट्रॉनिक सिटीवरून रोज जाता तिथली इन्फोसिस १९८१ साली पुण्यात जन्मली आणि पुढे बंगळूरची झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये तिचे प्रमुख विशाल सिक्का यांनी राजीनामा दिला. त्याआधी कित्येक महिने संस्थापक आणि संचालक मंडळ यांच्यातला वाद वर्तमानपत्रांतून चालला होता. नंदन निलेकणी अध्यक्ष म्हणून परत आले, आणि नव्या प्रमुखाचा शोध सुरू झाला. डिसेंबरच्या सुरुवातीला सलील पारेख यांचे नाव जाहीर होईपर्यंत रोज कुठल्या ना कुठल्या पेपरात नवी नावे. कंपनी गप्प. तिला गप्प राहणेच भाग होते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत वरिष्ठ पदांवरचे बदल ही भावावर परिणाम करणारी माहिती मानली जाते. ती आधी फुटली तर आतली खबर असलेले लोक वाहत्या गंगेत हात धुऊन घेतात. म्हणजे इथे गुप्तता सभ्यतेपुरती उरत नाही, ती कायद्यात येते. पण आपली गणपतीमंडळे, शाळा, वाचनालये यांचा भाव कुठल्याच बाजारात लागत नाही. कंपन्यांची गुप्तता आपण फार लवकर उचलतो. 'प्रक्रिया गोपनीय आहे' हे वाक्य आता सोसायटीच्या सेक्रेटरीलाही पाठ आहे.

जगातले एक उदाहरण मात्र उचलण्याजोगे आहे. संयुक्त राष्ट्रसंघाचा सरचिटणीस पूर्वी मोठ्या राष्ट्रांच्या कुजबुजीतून ठरे. उमेदवार कोण आहेत याची अधिकृत यादीसुद्धा नसे. २०१६ साली पहिल्यांदा उमेदवारांची नावे जाहीर झाली, आणि एप्रिलमध्ये त्यांना एकेक करून आमसभेसमोर बसवून सुमारे दोन-दोन तास प्रश्न विचारले गेले. साऱ्या जगाने ते पाहिले. मग जुलैपासून सुरक्षा परिषदेत बंद दाराआड कौल घेतले गेले, आणि ऑक्टोबरमध्ये अंतोनियो गुटेरेस यांची नेमणूक झाली. बंद दाराआडचे आकडे दर वेळी काही मिनिटांतच बाहेर येत, हा भाग सोडा. भिंतींना न्यूयॉर्कमध्येही कान असतात. मला महत्त्वाचे वाटते ते दोन खोल्यांचे नाते. एका खोलीत प्रश्न, दुसरीत कौल. पहिली उघडी, दुसरी बंद. आणि उमेदवारांना आधीपासून ठाऊक होते की पहिल्या खोलीत आपल्याला सगळ्यांसमोर बसायचे आहे. संमतीने उघड होणे आणि कुणीतरी उघडे पाडणे यांत, पोहणे आणि पाण्यात ढकलले जाणे यांत असते तेवढे अंतर आहे.

आता माझा हिशेब मांडतो. तुम्ही उद्या एखाद्या निवड समितीवर बसलात तर हे करून बघा.

आधी, म्हणजे एकही नाव पुढे येण्यापूर्वी, दार सताड उघडा. लोकांना विचारा : संस्थेला पुढची तीन वर्षे कशाची गरज आहे? गेल्या वेळी काय दुखले? लोक या प्रश्नाची उत्तरे फार शहाणपणाने देतात, कारण समोर नाव नसले की गट पडत नाहीत. त्या उत्तरांतून निकष काढा, लिहा, आणि फलकावर लावा. समितीत कोण आहे तेही लावा. समितीने स्वतःला गुप्त ठेवायचे काही कारण नाही. गुप्तता उमेदवाराचा हक्क आहे, समितीचा बुरखा नव्हे.

मग दार लावा, आणि खरोखर लावा. नाव तर सोडाच, गाव आणि विषयही सांगू नका. मी सांगून बसलो आहे. या काळात शिपायाचे ऐकायचे कसे? समितीतल्या एकानेच जावे, पूर्वीच्या ठिकाणच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही माणसांशी बोलावे, उमेदवाराला तसे आधी सांगून, आणि जिथे तो आज नोकरीला आहे ते ठिकाण शेवटपर्यंत वगळून. जो सांगेल त्याचे नाव समितीला माहीत असावे, बाहेर नसावे. निनावी पत्र मात्र केराच्या टोपलीत. ज्याला आपले नाव पाच माणसांनाही सांगवत नाही, त्याच्या शब्दावर दुसऱ्याचे नाव धुळीला मिळवायचे नसते. एवढा अपवाद करीन : पत्रात तपासून पाहता येईल असा पुरावा असेल तर पत्र विसरा, पुरावा तपासा.

शेवटी, निवड झाल्यावर, पुन्हा दार उघडा. निवडलेल्या माणसाविषयी कारणे द्या, आपण लावलेल्या निकषांच्या भाषेत द्या. न निवडलेल्यांविषयी शब्दही नको. त्यांना स्वतंत्र, प्रेमाने, माणसासारखे कळवा, आणि त्यांचे कागद फाडून टाका. लोकांनी जे सांगितले त्यातले काय घेतले आणि काय का घेतले नाही, तेही सांगा. लोकांना आपले ऐकले नाही याचा राग येतो त्यापेक्षा ऐकले की नाही तेच कळले नाही याचा जास्त येतो.

तुम्ही म्हणाल, हे मोठ्या संस्थांचे झाले. आमच्या दीडशे घरांत कसली गुप्तता? कोण संध्याकाळी कुणाच्या घरी चहाला गेले ते सकाळी दुधाच्या रांगेत कळते. खरे आहे. लहान गावात गुप्ततेला कुलूप लागत नाही. तिथे ती रीत म्हणूनच टिकते. आपल्या घरांत मुलगी पाहायला पाहुणे येतात, नकार येतो, सगळ्या आळीला माहीत असते, आणि तरीही शहाणी माणसे त्या मुलीसमोर विषय काढत नाहीत. माहीत असूनही न बोलणे, ही आपल्या समाजाने कमावलेली गोष्ट आहे. निवड समितीला तेवढीच हवी आहे.

आता सरांची वही. गेल्या आठवड्यात संयोजकांनी मला ती दाखवली. आज ती तिकडे दाराशी टेबलावर ठेवली आहे. बरीच जुनी आहे, पानांवर प्रसादाच्या तुपाचे डाग आहेत. पहिले पान उलटले की वेगवेगळी अक्षरे. कुणी लिहिले आहे, 'हिशेब गणपतीनंतर पंधरा दिवसांत सांगावा.' कुणी, 'दुसऱ्या पाळीवाल्यांना आरती कधीच मिळत नाही.' एका पानावर नेटके, बारीक अक्षर : 'मीटिंग रात्री साडेनऊला ठेवता. तेव्हा आमच्या घरी भांडी आणि मुलांचा अभ्यास असतो. आम्ही कधी यायचे?' त्याखाली आणखी तिघींनी नुसते शेरे लिहिले आहेत, 'मी पण', 'मी पण', 'खरे आहे'.

हे पान लिहिले गेले त्या वर्षी आतल्या बैठकीत किती नावे आली, कोणाला किती जणांनी उचलून धरले, हे मला माहीत नाही. चिठ्ठ्या सरांनी तिथेच फाडल्या होत्या. पण निवड जाहीर करताना सर काय म्हणाले ते अनेकांच्या लक्षात आहे. त्यांनी वही उघडून ते पान वाचून दाखवले आणि सांगितले की पुढच्या वर्षीपासून बैठक रविवारी दुपारी चारला होईल, आणि ती बोलावणारी अध्यक्ष या मंडळाची पहिली महिला अध्यक्ष असेल. विरोध झाला नाही. कारण निवडीचे कारण सरांचे नव्हते. ते मांडवातल्या वहीत, चार बायकांच्या हस्ताक्षरात, दहा दिवस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेले होते.

या वर्षी तुमच्या मंडळाची निवड आहे असे कळले. दाराशी त्या जुन्या वहीशेजारी एक नवी कोरी वही ठेवली आहे. जाताना दोन ओळी लिहून जा. नाव लिहू नका, काम लिहा. आणि पेन दोरीला बांधलेले आहे, ते घरी नेऊ नका.